अतिसंवाहकातील चालत्या भोवऱ्यांचे असमतोल अवस्थांतर सिम्युलेशनमधून कसे ठरवावे : क्रमवार मार्गदर्शन

चालक बल (विद्युतप्रवाह भोवऱ्यांना ढकलतो ते) वाढवत न्यायचे, भोवऱ्यांच्या, म्हणजे अतिसंवाहकात शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या सूक्ष्म नळ्यांच्या, सरासरी वेगाचा आलेख काढायचा, आलेख जिथे वळतो तिथे बोट ठेवायचे आणि अवस्थांतर सापडले असे जाहीर करायचे, ही या विषयातील सर्वांत रूढ चूक आहे. वळण अनेक कारणांनी येते. पेटी, म्हणजे सिम्युलेशनमध्ये घेतलेला नमुन्याचा तुकडा, लहान असते, बल घाईने वाढवलेले असते, वेगवेगळ्या नमुन्यांची सरासरी एकत्र कालवलेली असते किंवा तापमानामुळे अडकलेले भोवरे सुटण्याच्या बिंदूची धार बोथट झालेली असते. अवस्थांतराचा खरा पुरावा काळात असतो. निर्णायक बिंदूच्या जवळ जाताना प्रणालीला स्थिरावायला लागणारा वेळ दोन्ही बाजूंनी वाढत गेला पाहिजे, आणि ती वाढ पेटी मोठी केल्यावर अधिक तीव्र झाली पाहिजे. पुढील सर्व टप्पे हा वेळ विश्वासाने मोजता यावा, यासाठीच रचले आहेत.

हे मार्गदर्शन द्विमितीय, अतिअवमंदित प्रतिमानासाठी आहे. त्यात भोवऱ्याला जडत्व नसते आणि त्याचा वेग त्याच्यावरील एकूण बलाच्या थेट प्रमाणात असतो. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या किंवा दुसऱ्याचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या वाचकांनी टप्प्यांचा क्रम बदलू नये. चौथ्या टप्प्यातील चाचण्या न करता सातव्यावर गेलेल्या माणसाला आपली चूक नेमकी कुठे आहे हे नंतर शोधता येत नाही.

## टप्पा १ : कोणते अवस्थांतर शोधायचे ते आधी लिहून ठेवावे

'चालत्या भोवऱ्यांचे अवस्थांतर' या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि प्रत्येकीची तयारी वेगळी असते.

पहिली म्हणजे सुटका, अर्थात डीपिनिंग. शून्य तापमानाला बल एका मर्यादेखाली असताना सर्व भोवरे पदार्थातील दोषांमध्ये, म्हणजे पिनांमध्ये, अडकून राहतात आणि मर्यादेवर ते वाहू लागतात; ही मर्यादा म्हणजे निर्णायक बल. दुसरी म्हणजे वेगवान प्रवाहातील पुनर्रचना. मध्यम बलाला फाटाफूट होऊन वाहणारे भोवरे मोठ्या बलाला पुन्हा ओळींमध्ये किंवा जाळीमध्ये लागतात. तिसरी म्हणजे पुढे-मागे हलवलेल्या भोवऱ्यांचे परतीचे वर्तन. लहान आंदोलनाला प्रत्येक भोवरा आवर्तनाच्या शेवटी आपल्या जागी परत येतो, तर मोठ्या आंदोलनाला तो येत नाही.

तिन्ही एकाच रनमधून काढण्याचा मोह टाळावा. सुटकेसाठी शून्य तापमान आणि फार लांब रन लागतात. पुनर्रचनेसाठी मोठी पेटी आणि योग्य आकार लागतो. परतीच्या वर्तनासाठी काळाचे पाऊल आणि आवर्तन यांचे गणित काटेकोर जुळावे लागते.

## टप्पा २ : परस्परबल आणि एकके

जाड नमुन्यात भोवरे सरळ, ताठ दांडे मानले, तर दोन भोवऱ्यांमधील प्रतिकर्षण दुसऱ्या प्रकारच्या, प्रथम कोटीच्या सुधारित बेसेल फलनाने मिळते. त्यातील अंतर चुंबकीय भेदनखोलीच्या, म्हणजे लॅम्डाच्या, एककात घ्यावे. बलाचे एकक म्हणजे फ्लक्स क्वांटमचा (एका भोवऱ्यातून जाणाऱ्या चुंबकीय फ्लक्सचा) वर्ग, भागिले २π, निर्वाताची पारगम्यता आणि लॅम्डाचा घन यांचा गुणाकार. हे बल भोवऱ्याच्या प्रति मीटर लांबीचे आहे. वेळेचे एकक म्हणजे अवरोध गुणांक गुणिले लॅम्डा, भागिले हे बल. ही तीन एकके धरली की अवरोध गुणांक १ होतो आणि समीकरण अगदी मोकळे दिसते : वेग म्हणजे परस्परबल, पिनचे बल, चालक बल आणि उष्मीय बल यांची बेरीज.

बलाची गणना ठराविक अंतरापलीकडे तोडली जाते. १ लॅम्डावर या फलनाचे मूल्य सुमारे ०.६० असते, तर ६ लॅम्डावर ते सुमारे ०.००१३ उरते, म्हणून ६ लॅम्डा ही मर्यादा सामान्यतः पुरते. पेटीच्या सीमा आवर्ती असतात, म्हणजे एका कडेने बाहेर गेलेला भोवरा समोरच्या कडेने आत येतो आणि पेटीच्या प्रतिमा सर्व बाजूंना असतात. म्हणून पेटीची प्रत्येक बाजू या मर्यादेच्या दुपटीहून मोठी हवी, नाहीतर एकच भोवरा स्वतःच्या दोन प्रतिमांमधून दुसऱ्या भोवऱ्यावर बल लावतो.

इशारा. पातळ फिल्मसाठी हे बल चालत नाही. फिल्मची जाडी लॅम्डाहून कमी असेल, तर बल किती अंतरावर क्षीण होते हे ठरवणारी (स्क्रीनिंग) लांबी म्हणजे पर्ल लांबी होते. तिचे मूल्य लॅम्डाच्या वर्गाची दुप्पट भागिले जाडी एवढे असते. लॅम्डा २०० नॅनोमीटर आणि जाडी २० नॅनोमीटर घेतली, तर पर्ल लांबी ४ मायक्रोमीटर येते. तिच्यापलीकडेही बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात रेंगाळते. तिथे बल मध्येच तोडणे म्हणजे वेगळेच प्रतिमान सोडवणे होय. आवर्ती प्रतिमांची पूर्ण बेरीज घ्यावी लागते.

## टप्पा ३ : पेटी आणि पिन

पिन नसतील तर भोवरे त्रिकोणी जाळी करतात आणि त्रिकोणी जाळी चौरस पेटीत बसत नाही. हे ठाऊक असूनही चौरस पेटी घेणारे अनेक असतात. मग जाळीला आधीपासूनच ताण बसतो, डिसलोकेशन (जाळीची ओळ मध्येच तुटल्याने होणारे दोष) तयार होतात आणि ते दोष पिनिंगमुळे आले असा अर्थ लावला जातो.

पेटीची लांबी म्हणजे स्तंभांची संख्या गुणिले जाळीअंतर, आणि रुंदी म्हणजे ओळींची संख्या गुणिले जाळीअंतर गुणिले ०.८६६. २६ स्तंभ आणि ३० ओळी घेतल्या, तर रुंदी आणि लांबीचे गुणोत्तर ०.९९९ येते, म्हणजे पेटी जवळजवळ चौरस होते आणि तिच्यात ७८० भोवरे नेमके बसतात. मोठ्या पेट्यांसाठी ५२ गुणिले ६०, म्हणजे ३,१२०, आणि १०४ गुणिले १२०, म्हणजे १२,४८० भोवरे घ्यावेत. लहान पेटीसाठी मात्र ही संख्या निम्मी करता येत नाही. १३ गुणिले १५ मध्ये ओळी विषम होतात, एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकलेली असल्याने वरची कड खालच्या कडेशी जुळत नाही आणि जाळीत कायमचा सांधा राहतो.

जाळीअंतर आणि चुंबकीय क्षेत्र यांचा संबंध तपासून घ्यावा. फ्लक्स क्वांटम म्हणजे १० च्या उणे १५ व्या घाताने गुणलेले २.०७ वेबर. त्याला क्षेत्राने भागून वर्गमूळ काढावे आणि १.०७५ ने गुणावे. १ टेस्लाला जाळीअंतर सुमारे ४९ नॅनोमीटर येते. लॅम्डा १०० नॅनोमीटर असताना जाळीअंतर १ लॅम्डा घेतले असेल, तर आपण सुमारे ०.२४ टेस्लाच्या क्षेत्रात काम करत आहोत. हा आकडा लिहून ठेवावा, कारण पुढे प्रयोगाशी तुलना करताना तो विसरला जातो.

पिनसाठी दोन आकार प्रचलित आहेत. तुटक परवलयी खड्ड्यात बल कडेला सर्वाधिक असते आणि कडेबाहेर एकदम शून्य होते. गाऊशियन खड्ड्यात ते सावकाश विरते. दोन्ही चालतात, पण एका अभ्यासात एकच वापरावा. पिनच्या जागा यादृच्छिकपणे टाकताना खड्डे एकमेकांवर पडतात आणि तिथे बल दुप्पट होते. हे चालू द्यायचे की टाळायचे, ते आधीच ठरवावे. एखाद्या नमुन्याचा निर्णायक बल इतरांहून वेगळा दिसला, तर बहुतेक वेळा त्यामागे असाच एक जोडखड्डा असतो.

## टप्पा ४ : काळाचे पाऊल, तापमान आणि चार चाचण्या

एका पावलात भोवऱ्याचे सर्वाधिक विस्थापन पिनच्या त्रिज्येच्या काही टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये. त्रिज्या ०.२ लॅम्डा, सर्वाधिक बल ०.६ आणि पाऊल ०.०१ असेल, तर विस्थापन ०.००६ लॅम्डा, म्हणजे त्रिज्येच्या ३ टक्के होते, आणि ते चालते. त्यानंतर पाऊल निम्मे करून स्थायी वेग बदलतो का ते पाहावे.

उष्मीय बलाच्या बाबतीत वारंवार होणारी चूक अशी की प्रत्येक पावलावर सारख्याच आकाराचा यादृच्छिक धक्का दिला जातो. पाऊल बदलले की तापमानही नकळत बदलते. धक्क्याने होणाऱ्या विस्थापनाचे विचरण पावलाच्या लांबीच्या प्रमाणात असले पाहिजे, म्हणजेच धक्क्याचे बल पावलाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात हवे.

आता चाचण्या घ्याव्यात. चारही बिनचूक उतरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१. पिन काढून टाकाव्यात, तापमान शून्य ठेवावे आणि सर्व भोवऱ्यांवर बल लावावे. सरासरी वेग बलाइतकाच आला पाहिजे आणि परस्परबलांची एकूण बेरीज संगणकीय पूर्णांकनाच्या मर्यादेत शून्य आली पाहिजे. बेरीज शून्य येत नसेल, तर काही जोड्यांचे बल दोघांपैकी एकाच भोवऱ्यावर मोजले जात आहे; शेजाऱ्यांची यादी तपासावी.

२. एकटा भोवरा साइन आकाराच्या बलक्षेत्रात ठेवावा. याचे नेमके उत्तर माहीत आहे : वेग म्हणजे चालक बलाचा वर्ग वजा निर्णायक बलाचा वर्ग, याचे वर्गमूळ. बल निर्णायक मूल्याच्या १.२५ पट असेल, तर वेग निर्णायक बलाच्या ०.७५ पट आला पाहिजे.

३. एकटा भोवरा, एक पिन. सुटका पिनच्या सर्वाधिक बलावरच झाली पाहिजे, त्याआधी नाही.

४. पिनविरहित, बलविरहित एकटा भोवरा तापमानात सोडावा. विस्थापनाच्या वर्गाची सरासरी वेळेच्या प्रमाणात वाढली पाहिजे आणि चढ तापमानाच्या चौपट आला पाहिजे.

## टप्पा ५ : सुरुवातीची अवस्था

अडकलेली अवस्था एकमेव नसते. त्याच पिनांमध्ये, त्याच भोवऱ्यांसाठी, असंख्य अडकलेल्या रचना असतात, आणि त्यांपैकी कोणत्या रचनेतून सुरुवात केली यावर निर्णायक बल अवलंबून राहू शकतो. म्हणून सुरुवातीची कृती नावानिशी नोंदवावी.

तीन कृती उपयोगी आहेत. पहिलीत वितळणबिंदूच्या वर तापवून पिनांच्या उपस्थितीत सावकाश थंड करतात. दुसरीत मोठ्या बलाने वाहती, सुव्यवस्थित अवस्था तयार करून बल थेट हव्या त्या मूल्यावर आणतात. तिसरीत पूर्ण त्रिकोणी जाळी ठेवून बल एकदम लावतात. निर्णायक बिंदूच्या शोधासाठी मी दुसरी किंवा तिसरी कृती निवडतो, कारण तिथे सर्व भोवरे सुरुवातीला चालते असतात आणि वेग कसा ओसरतो हे स्वच्छ दिसते. थंड केलेली अवस्था हिस्टेरेसिस (अंतिम उत्तर सुरुवातीच्या इतिहासावर अवलंबून राहणे) तपासण्यासाठी राखून ठेवावी.

तपासणी. त्याच बलावर दुसऱ्या आणि पहिल्या कृतीतून मिळालेले स्थायी वेग ताडून पाहावेत. फरक असेल, तर तो आधी दहापट लांब रननेही टिकतो का ते बघावे. टिकत नसेल, तर तो हिस्टेरेसिस नाही, अपुरी प्रतीक्षा आहे. जाळी तुटत नसेल आणि हालचाल निव्वळ लवचिक असेल, तर शून्य तापमानाला स्थायी वेग एकमेव असतो, हे ॲलन मिडलटन यांनी १९९२ मध्ये लवचिक प्रणालींच्या एका मोठ्या वर्गासाठी दाखवले. म्हणजे टिकाऊ हिस्टेरेसिस दिसले, की शेजारी बदलत आहेत का, हे पाहायला लागावे.

## टप्पा ६ : बल लावणे आणि थांबणे

बल पायऱ्यापायऱ्यांनी वाढवत एकाच लांब रनमध्ये सगळा आलेख काढण्याची पद्धत टाळावी. त्यात प्रत्येक पायरी मागच्या पायरीचे ओझे घेऊन सुरू होते. प्रत्येक बलासाठी स्वतंत्र रन, स्वतंत्र सुरुवात आणि पूर्ण वेळेची वेग-नोंद ठेवावी. सरासरीपुरतीच नोंद ठेवल्यास या लेखाचा मुख्य पुरावाच फेकून दिला जातो.

रन किती लांब असावा? ठराविक पावलांचा आकडा देणे चुकीचे ठरेल, कारण निर्णायक बिंदूजवळ हा आकडा वाढतच जातो. कसोटी अशी ठेवावी : वेगाची नोंद तीन भागांत वाटावी, शेवटच्या दोन भागांच्या सरासरी सांख्यिकी त्रुटीत जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील, तर रन दुप्पट करावा. लॉगॅरिदमी कालअंतराने नोंद घेतल्यास फाइलही आवाक्यात राहते आणि सुरुवातीचा ओसरही बारकाईने दिसतो.

## टप्पा ७ : निर्णायक बल आणि घातांक

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा.

तीन बले घ्यावीत : एक निर्णायक वाटणाऱ्या मूल्याच्या किंचित खाली, एक त्याच्यावर आणि एक किंचित वर. तिन्ही रनमधील वेग वेळेविरुद्ध, दोन्ही अक्ष लॉगॅरिदमी ठेवून काढावा. सुरुवातीला तिन्ही रेषा एकमेकींवर असतात. भोवरे जवळच्या पिनांत पडू लागतात आणि वेग झपाट्याने उतरतो. मग त्या फाकतात. खालच्या बलाची रेषा खाली झुकत जाते आणि शेवटी कोसळते. वरच्या बलाची रेषा आडवी होऊन थांबते. मधल्या कुठल्यातरी बलावर रेषा सरळच उतरत राहते. ती जितका काळ सरळ राहील, तितके आपण निर्णायक बलाच्या जवळ आहोत. या सरळ रेषेचा चढ हा पहिला घातांक, आणि रेषा सरळ मार्ग सोडून फाकते ती वेळ म्हणजे स्थिरावण्याचा काळ. तो काळ निर्णायक बलापासूनच्या अंतराविरुद्ध काढला, की दुसरा घातांक मिळतो.

या पद्धतीने निर्णायक बल वेगाच्या आलेखाच्या वळणापासून स्वतंत्रपणे ठरते, आणि हीच तिची ताकद आहे. त्याशिवाय केलेला हिशेब किती फसवा ठरतो, ते एका साध्या गणिताने पाहावे. खरा नियम असा धरू : वेग म्हणजे बल वजा १, याचा १.५ वा घात. अशी रेषा शून्याला जवळजवळ स्पर्शून निघते, म्हणून डोळ्यांना सुटका उशिरा झाल्यासारखी दिसते आणि निर्णायक बल १.०२ मानले जाते. आता बल १.०५ असताना स्थानिक चढ १.५ गुणिले ०.०३ भागिले ०.०५, म्हणजे ०.९ येतो. बल १.३ असताना तो १.४ येतो. बलातील केवळ २ टक्क्यांच्या चुकीने घातांक १ च्या खाली गेला. सुटकेच्या बाबतीत १ च्या खालचा घातांक जाळी अखंड राहून सरकल्याची, तर १ च्या वरचा घातांक ती फाटून वाहिल्याची खूण मानतात. म्हणजे दोन टक्क्यांनी भौतिकशास्त्रच उलटे झाले.

चूक : नमुन्यांची सरासरी. पिनांच्या प्रत्येक यादृच्छिक मांडणीला स्वतःचे निर्णायक बल असते. दहा मांडण्यांचे वेग एकत्र करून त्या सरासरीवर घातांक बसवला, तर मिळणारी गोलाई निर्णायक बलांच्या विखुरण्याची असते. आधी प्रत्येक मांडणीचे विश्लेषण करावे, मग घातांकांची सरासरी घ्यावी.

चूक : एकाच वाटेचा प्रवाह. लहान पेटीत निर्णायक बलाच्या अगदी जवळ भोवऱ्यांच्या वाटा रेखून पाहाव्यात. अनेकदा असे दिसते की पेटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच नागमोडी वाट उघडली आहे. तिच्यातले भोवरे एकामागून एक पुढे सरकतात, दोन्ही काठांवरचे भोवरे प्रत्येक जाणाऱ्या भोवऱ्यागणिक किंचित डुलतात आणि परत जागेवर बसतात, बाकी सगळे निश्चल असतात. ७८० भोवऱ्यांच्या पेटीत अशा वाटेवर साधारण २६ भोवरे, म्हणजे तिसावा हिस्सा असतो. या भागातील वेगाचा नियम त्या एका वाटेचा आहे, प्रणालीचा नाही. तो भाग घातांकाच्या हिशेबातून वगळावा आणि ३,१२० व १२,४८० भोवऱ्यांच्या पेट्यांमध्ये हा भाग निर्णायक बलाच्या जवळ आक्रसत जातो, याची खात्री करून घ्यावी.

इशारा. तापमान शून्याहून अधिक असेल, तर तीक्ष्ण निर्णायक बल शोधू नये. भोवरे उष्म्याच्या साहाय्याने रांगतात, मर्यादेखालीही वेग शून्य होत नाही आणि वेळेविरुद्धची सरळ रेषा कुठेतरी आडवी होतेच.

## टप्पा ८ : वेगवान प्रवाहातील पुनर्रचना

१९९४ मध्ये कोशेलेव्ह आणि विनोकुर यांनी मांडलेली कल्पना अशी की वाहत्या जाळीला पिन एखाद्या तापमानासारख्या हलवतात आणि हे हलवण्याचे तापमान वेग वाढला की घटते, म्हणून पुरेशा वेगाला जाळी पुन्हा गोठते. पहिला अंदाज बांधण्यासाठी ही कल्पना उत्तम आहे. मात्र तिला अक्षरशः धरून चालणारे फसतात. हलवणे सर्व दिशांना सारखे नसते, प्रवाहाच्या दिशेला ते अधिक असते. शिवाय प्रवाहाला लंब दिशेने पिनांच्या परिणामाचा एक भाग वेग कितीही वाढला तरी पुसला जातच नाही, हे जामार्ची आणि ल दुसाल यांनी १९९६ मध्ये दाखवले. त्यामुळे अंतिम अवस्था साधा स्फटिक असेल, असे गृहीत धरू नये.

नेहमीचे मोजमाप म्हणजे डेलॉने त्रिकोणीकरण करून (भोवरे त्रिकोणांनी जोडून कोण कोणाचा शेजारी हे ठरवून) सहा शेजारी असलेल्या भोवऱ्यांचा हिस्सा काढणे. तो काढावा, पण त्यावर थांबू नये. वाहते भोवरे समांतर ओळींत लागतात आणि ओळी एकमेकींच्या सापेक्ष घसरत राहतात, अशा स्मेक्टिक अवस्थेत प्रवाहाला समांतर रोख असलेली डिसलोकेशन शिल्लक राहतात. तिथे हा हिस्सा १ च्या खालीच अडकतो, आणि पुनर्रचना अपुरी आहे असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

संरचना गुणक, म्हणजे भोवऱ्यांच्या जागांचे फूरिए रूपांतर करून मिळणारा विवर्तन-चित्रासारखा नकाशा, काढावा. सहा टोकदार शिखरे म्हणजे जाळी. प्रवाहाला लंब अक्षावरची दोनच टोकदार शिखरे म्हणजे ओळी. शिखराची उंची भोवऱ्यांच्या संख्येने भागून तिन्ही पेट्यांमध्ये ताडून पाहावी. भागाकार तसाच राहिला तर दीर्घ पल्ल्याचा क्रम, सावकाश घातनियमाने घटला तर अर्धदीर्घ, आणि संख्येच्या व्यस्त प्रमाणात घटला तर क्रम जवळच्या शेजाऱ्यांपुरताच आहे.

नंतर वेगाच्या नॉइजचा, म्हणजे सरासरी वेगातील चढउतारांचा, वारंवारितेनुसार वर्णपट काढावा. फाटाफुटीच्या प्रवाहात कमी वारंवारितेकडे चढत जाणारा रुंद वर्णपट दिसतो, तर क्रमबद्ध प्रवाहात सरासरी वेग भागिले जाळीअंतर या वारंवारितेला अरुंद शिखर उभे राहते.

चूक : पेटीचे शिखर. आवर्ती सीमांमुळे प्रत्येक भोवरा पेटी ओलांडून पुन्हा त्याच पिनांवर येतो, म्हणून वेग भागिले पेटीची लांबी या वारंवारितेलाही शिखर येते. २६ स्तंभांच्या पेटीत खरे शिखर याच्या २६ पट वारंवारितेला असते. कोणते शिखर खरे, हे ठरवायला पेटीची लांबी दुप्पट करावी. पेटीचे शिखर निम्म्यावर सरकते, जाळीचे हलत नाही.

शेवटी वाहत्या अवस्थेला लहानसे लंब बल लावावे. लंब वेग एका मर्यादेपर्यंत शून्यच राहिला, तर ओळींच्या वाटा पिनांनी कोरलेल्या आहेत आणि मूव्हिंग ग्लासचे, म्हणजे वाहत असूनही लंब दिशेने अडकलेल्या अवस्थेचे, हे लक्षण आहे.

## टप्पा ९ : पुढे-मागे हलवणे आणि परतीचे वर्तन

आंदोलनाच्या प्रत्येक आवर्तनानंतर जे भोवरे आपल्या पूर्वीच्या जागी परतले नाहीत, त्यांचा हिस्सा मोजावा. लहान आयामाला तो काही आवर्तनांनंतर शून्य होतो, म्हणजे प्रणाली अशा रचनेत पोहोचते की जिथून ती पुढे बदलतच नाही. मोठ्या आयामाला तो शून्याच्या वर स्थिरावतो. कोर्ते, चायकिन, गोलुब आणि पाइन यांनी २००८ मध्ये कर्तन दिलेल्या कणमिश्रणांत हे दाखवले, आणि भोवऱ्यांमध्येही हेच वर्तन सिम्युलेशनमधून व पुढे प्रयोगांतून पाहिले गेले.

यातील तयारी किरकोळ वाटते, पण तिथेच बहुतेकांचे निकाल बिघडतात. आवर्तनकाळ हा काळाच्या पावलाचा पूर्णांक पट असलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक आवर्तनाचे मोजमाप थोड्या वेगळ्या क्षणी होते आणि परतलेले भोवरेही न परतलेले दिसतात. तापमान शून्य हवे. परतण्याची मर्यादा पिनच्या त्रिज्येहून बरीच लहान ठेवावी आणि ती दहापट लहान केल्यावर निर्णायक आयाम बदलत नाही, हे दाखवावे. काही रचना दोन किंवा तीन आवर्तनांनी परततात. त्या परतणाऱ्याच आहेत, म्हणून प्रत्येक रनच्या शेवटी दोन, तीन आणि चार आवर्तनांच्या अंतरानेही तुलना करावी.

न परतणाऱ्या हिश्शाचा ओसर टप्पा ७ प्रमाणेच हाताळावा, वेळेऐवजी आवर्तनांची संख्या घेऊन. स्थिरावण्याची आवर्तने निर्णायक आयामाच्या दोन्ही बाजूंना वाढली पाहिजेत. एकाच बाजूला वाढ दिसली, तर निर्णायक आयाम चुकला आहे किंवा दुसऱ्या बाजूचे रन अपुरे आहेत.

मिळालेले घातांक कोणत्या वर्गात (सारखेच घातांक असलेल्या अवस्थांतरांच्या गटात) बसतात हे सांगताना हात आखडता घ्यावा. दोन अवकाशमितींतील दिशाबद्ध पाझरणात (डायरेक्टेड परकोलेशन, म्हणजे हालचाल पसरते किंवा कायमची विझते अशा प्रक्रियांच्या वर्गात) स्थिरावण्याच्या काळाचा घातांक सुमारे १.२९५ आणि ओसराचा सुमारे ०.४५ असतो. कणसंख्या जपणाऱ्या, मान्ना प्रतिमानाच्या वर्गात ते सुमारे १.२३ आणि ०.४२ असतात. काळाच्या घातांकांत जेमतेम पाच टक्क्यांचा फरक आहे. आपली त्रुटी ०.१ असेल, तर "दोन्ही वर्गांशी सुसंगत" एवढेच लिहावे. भोवऱ्यांची संख्या न बदलल्याने मान्ना वर्ग स्वाभाविक वाटतो, पण दूरवर पोहोचणारे परस्परबल त्यातही ढवळाढवळ करू शकते.

## टप्पा १० : प्रयोगाच्या आकड्यांशी तुलना

सिम्युलेशनमधील बल प्रयोगात विद्युतप्रवाहाची घनता गुणिले फ्लक्स क्वांटम या रूपाने येते, आणि वेग व्होल्टेजच्या रूपाने. व्होल्टेजला दोन संपर्कांमधील अंतराने व क्षेत्राने भागले की भोवऱ्यांचा सरासरी वेग मिळतो. १ टेस्लाला, १ मिलिमीटर अंतरावर १ मायक्रोव्होल्ट म्हणजे सेकंदाला १ मिलिमीटर वेग, आणि ४९ नॅनोमीटरच्या जाळीअंतराने भागल्यावर अरुंद शिखर सुमारे २० किलोहर्ट्झला अपेक्षित आहे. ही गणना आधी करून ठेवली, तर नॉइजमध्ये काय शोधायचे हे कळते.

तुलना करण्यापूर्वी नमुन्याचा आकार पाहावा. पट्टीच्या नमुन्यात भोवरे एका कडेने आत येतात आणि दुसरीने बाहेर पडतात. कडेवरचा अडथळा आणि तिथून आत येणारी अव्यवस्था आपल्या आवर्ती सीमांच्या पेटीत नसते. कॉर्बिनो चकतीत, म्हणजे केंद्र आणि परीघ यांवर संपर्क असलेल्या गोल नमुन्यात, विद्युतप्रवाह त्रिज्येच्या दिशेने वाहतो आणि भोवरे कडा न ओलांडता वर्तुळात फिरतात, पण विद्युतप्रवाहाची घनता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने तिथे आतले भोवरे बाहेरच्यांहून अधिक ओढले जातात आणि जाळीला कर्तन बसते. अशा प्रयोगाशी जुळणी करायची असेल, तर पेटीत एकसमान बल न लावता जागेनुसार बदलणारे बल लावून टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करावी.

प्रयोगात व्होल्टेजच्या ठराविक उंबरठ्यावरून निर्णायक प्रवाह वाचला जातो. तो उंबरठा सिम्युलेशनच्या वेगात रूपांतरित करून त्याच वेगावर आपले बल वाचावे. टप्पा ७ मधील निर्णायक बल तिथे थेट ठेवू नये. दोन्हींमध्ये पडणारा फरक हा रांगण्याचा आणि उंबरठ्याचा असतो, आणि तो नोंदीत वेगळ्या ओळीत लिहावा. प्रत्येक नोंदीसोबत यादृच्छिक बीज, पिनांच्या जागांची फाइल, सुरुवातीची कृती आणि काळाचे पाऊल जोडलेले असावे, म्हणजे तोच रन दुसऱ्या माणसाला जसाच्या तसा पुन्हा चालवता येईल.